मदत हवी आहे: बाबा मेटफॉर्मिन सोडून बर्बेरीन घ्यायचं म्हणतायत

नमस्कार मंडळी,

बाबांना टाइप २ मधुमेह आहे, वय ६४. मेटफॉर्मिन ५०० दोनदा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १. मागचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४ आलं. डॉक्टर ठीक म्हणाले, पण बाबांना नुसतं ‘ठीक’ पुरत नाही. मध्यंतरी कुणीतरी त्यांना बर्बेरीनच्या कॅप्सूल आणून दिल्या, तेव्हापासून घरात रोज वाद.

त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून इथे विचारतेय. ते म्हणतात, "मेटफॉर्मिन तरी कुठून आलं? झाडातूनच ना? मग सरळ झाडातलंच घेतलं तर बिघडलं कुठे?" शोधलं तर इतिहास खरंच त्यांच्या बाजूचा निघाला. गलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत गॅलेजीन असतं, ते साखर उतरवतं आणि मेटफॉर्मिन त्याच घराण्यातलं. बर्बेरीन आपल्या दारुहळदीत असतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत रोज तीनदा ५०० मिग्रॅ घेणाऱ्यांची साखर मेटफॉर्मिनइतकीच उतरली, हेही त्यांनी मला वाचून दाखवलं. (एवढा उत्साह पथ्याला असता तर!)

गोळ्या बंद करू नका म्हटलं, तर आता "बरं, दोन्ही घेतो" असं चाललंय. ते तरी चालेल का? डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे.

प्रतिसाद १

दोन्ही घेणं हीच मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, रक्तात साखर कमी असली तरीही. त्यावर साखर उतरवणारं आणखी काही घेतलं तर ती ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं तर लगेच ग्लुकोमीटर लावा आणि साखर कमी असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

बाबांच्या मुद्द्याबद्दल. गॅलेजीन १९२० च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिलं होतं, पण ते विषारी ठरलं. ती वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात. मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९२२ साली, आणि फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर केलेल्या वापराचा अहवाल आला १९५७ मध्ये. म्हणजे झाडापासून गोळीपर्यंत बरीच काटछाट झाली आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनचंही तसंच. ते १८३५ मध्ये वेगळं काढलं, त्याने लघवीतून साखर जाते हे १८८६ मध्ये कळलं, पण आतड्यातच त्याचे तुकडे पडतात, त्यामुळे तोंडाने घेऊन उपयोग नाही. त्याच्या रेणूत फेरफार करूनच आजची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं आली.

आणि ती चिनी चाचणी: माणसं फक्त ३६, मुदत तीन महिने, सगळे नव्याने निदान झालेले. बाबा त्या गटात बसत नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का त्यांना? बऱ्याच स्टॅटिनचा (म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा) निचरा यकृतातल्या ज्या एन्झाइममार्फत होतो, त्यालाच बर्बेरीन अडवतं.

प्रतिसाद २

तीन आठवडे थांबूच नका, आज फोन करा. कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो पाठवा, त्यात आणखी काय काय आहे तेही कळेल.

धागाकर्ती

आभार. अटोरव्हास्टॅटिन चालू आहे, मघाशी लिहायचं राहिलं. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की आठ दिवसांपासून ते कॅप्सूल घेतायतच, आणि परवा अकराच्या सुमाराला घाम आला होता तो ‘उन्हाचा’ म्हणून सोडून दिला. बाटली आता माझ्या कपाटात आहे. डॉक्टरांना फोन लावलाय, उद्या सकाळी बोलावलंय.