प्रति: मधाच्या निर्यातदार कंपनीत पैसे घालावेत का?

‘कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचा मध गाजतोय, तेव्हा मधाची निर्यात करणारी कंपनी घ्यायलाच हवी’, हे गणित जुळत नाही. भुदरगडातला मध सातेरी या देशी मधमाशीचा, थोडका आणि पातळ. परदेशी जातो तो मुख्यतः उत्तर भारतात पाळल्या जाणाऱ्या मेलिफेरा या युरोपीय मधमाशीचा, मोहरीच्या फुलांवरचा, ड्रम भरभरून.

ताळेबंदात नफ्याआधी साठा किती जुना आहे ते बघा. मोहरीचा मध लवकर गोठतो, ड्रम तापवूनच पातळ करावा लागतो. आच जास्त लागली किंवा माल पडून राहिला की एचएमएफ, म्हणजे तापल्यानं किंवा जुनं झाल्यानं मधात तयार होणारं रसायन, चढतं. युरोपात किलोला साधारण ४० मिलिग्रॅमची मर्यादा. ती ओलांडली की माल बेकरीत वापरायच्या स्वस्त मधाच्या भावात! अमेरिकेचं वेगळंच: तिकडे जाणाऱ्या मधाला भारतानेच २०२० मध्ये एनएमआर चाचणी (भेसळ पकडणारी प्रयोगशाळेतली तपासणी) सक्तीची केली, आणि २०२२ पासून अमेरिकेनं वर अँटी-डम्पिंग ड्यूटी, म्हणजे फार स्वस्तात विकलेल्या आयात मालावरचा जादा कर, लावली. ड्यूटीचा दर कंपनीनिहाय वेगळा असू शकतो, तेव्हा तुमच्या कंपनीला कोणता लागतो ते आधी विचारा.