कपड्यांच्या कंपनीचा शेअर २०० दिवसांच्या सरासरीखाली गेलाय. विकू की थांबू? मदत हवी आहे

नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. साड्या, ब्लाउज पीस, शाळेचे गणवेश आणि थोडं रेडिमेड. शेअर बाजाराचा माझा अभ्यास नाही. एकच शेअर घेतलाय, तोही धंद्यातलं जे कळतं त्याच्या भरवशावर, आणि आता त्याचंच काय करावं ते सुचत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. खालच्या फळ्यांवरचा सगळा माल गेला. पुन्हा माल भरायला घेतला तेव्हा जाणवलं की कॉलेजची मुलं आमच्याकडे येईनाशी झालीत. कोणी रत्नागिरीला जातं, कोणी कोल्हापूरला, आणि गणपतीला येणारे चाकरमानी घरच्या सगळ्यांचे कपडे मुंबईहूनच घेऊन येतात. म्हणून एकदा मुद्दाम कोल्हापूरला जाऊन त्या मोठ्या साखळीच्या दुकानात दोन तास थांबलो. बिलाच्या रांगेत माणसं किती, कुठल्या रॅकवरचा माल हलतोय, शिवण कशी आहे, सगळं बघितलं. त्या भावात तो माल मला ठोक बाजारातसुद्धा मिळाला नसता. मग त्या कंपनीचे १०० शेअर ७४० रुपयांनी घेतले. २०२४ च्या दिवाळीत भाव चढत होता तेव्हा आणखी ६० घेतले, १,३२० रुपयांनी.

आज भाव १,०१५ आहे. डोंबिवलीचा पुतण्या व्हॉट्सअ‍ॅपवर चार्ट पाठवतो. तो सांगतो की २०० दिवसांची सरासरी १,१३० आहे, ५० दिवसांची १,०६० आहे, ५० ची रेघ २०० च्या खाली उतरली म्हणजे ‘डेथ क्रॉस’ झाला, काका आता थांबू नका. पण परवाच कोल्हापूरला गेलो होतो, दुकानात गर्दी तशीच होती. मग खोटं कोण, रेघ की माझे डोळे?

कंपनीचं नाव देत नाही, कारण मला त्या शेअरची टिप नकोय. ही सरासरी कपड्यांच्या दुकानाच्या धंद्याबद्दल नक्की काय सांगते, एवढंच समजून घ्यायचंय. बायकोचं म्हणणं एवढंच की पुरानंतर जमवलेले पैसे आहेत, दुसऱ्यांदा वाहून जायला नकोत.

प्रतिसाद १

दादा, दोन्ही खरे आहेत. तुम्ही आजची गर्दी बघताय आणि रेघ मागच्या दहा महिन्यांचे भाव सांगतेय. वर्षात बाजार सुमारे अडीचशे दिवस चालतो, म्हणून २०० दिवस म्हणजे साधारण दहा महिने किंवा ४० आठवडे. त्या सगळ्या दिवसांच्या बंद भावांची (दिवस संपतानाच्या शेवटच्या भावांची) बेरीज करून २०० ने भागलं की झाली सरासरी. यापेक्षा त्यात गूढ काही नाही.

मात्र या सरासरीत आतले भाव सरासरीने १०० दिवस जुने असतात, म्हणजे जवळजवळ पाच महिने. एवढं मागे राहणं हा तिचा स्वभावच आहे. त्यामुळे शिखरावर ती कधीच विकायला लावत नाही आणि तळाला कधीच घ्यायला लावत नाही.

आणखी एक हिशोब करून बघा. २०० दिवसांपूर्वीचा भाव समजा १,२६० होता. आज तो आकडा बेरजेतून गळाला आणि त्या जागी १,०१५ आला. फरक २४५ रुपये, भागिले २००, म्हणजे सरासरी आज सव्वा रुपयाने उतरली. भाव जागचा न हलता. पुतण्या म्हणेल रेघ अजून खाली वाकली, बाजार घाबरलाय. प्रत्यक्षात आज नवीन काही घडलेलं नसेल, जुना चढा भाव बाहेर पडला एवढंच. रोज बघत बसलात तर हे ध्यानात येत नाही. आठवड्याचा चार्ट लावा, ४० आठवड्यांची सरासरी घ्या आणि शुक्रवारी संध्याकाळी एकदाच बघा.

प्रतिसाद २

मी रेघ मानणारा आहे, म्हणून तिची बाजू मांडतो. याच धंद्यातल्या ट्रेंटचं बघा, वेस्टसाइड आणि झुडिओवाली टाटांची कंपनी. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे विकली आणि त्यातून ही कपड्यांची कंपनी उभी राहिली. ३० सप्टेंबर २०२४ ला ती निफ्टी ५० मध्ये, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात आली आणि ऑक्टोबरमध्ये भाव ८,३०० च्या वर गेला. त्याआधी वर्षभराहून जास्त काळ भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वरच होता. ज्याने ‘सरासरी तुटेपर्यंत, म्हणजे भाव तिच्याखाली जाईपर्यंत, विकायचं नाही’ एवढंच ठरवलं होतं त्याला ती सगळी चढण मिळाली. ‘फार महाग झालाय’ म्हणत मधेच उतरले त्यांची हुकली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव सरासरीच्या चांगलाच खाली होता. रेघ तुटली तोवर शिखरावरून पाचव्या हिश्श्याहून जास्त उतरून झालं होतं. ती किंमत मोजावी लागते. पण त्यानंतर भाव आणखी खाली गेला, आणि दुकानांतली गर्दी बघून थांबलेल्यांना ती उतरंड पूर्ण सोसावी लागली. तेव्हाही दुकानं भरलेलीच होती, विक्रीही वाढतच होती. वाढीचा वेग कमी होत होता. भावात वेगाचे पैसे आधीच मोजलेले असतात, ते बिलाच्या रांगेत उभं राहून दिसत नाही.

धागाकर्ता

वेगाचं म्हणणं पटलं. आमच्याकडेही गणपतीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पण मागच्या गणपतीपेक्षा गल्ला किती जास्त झाला ते वही उघडल्याशिवाय कळत नाही. मग कंपनीची वही कशी बघायची? तिमाही निकालात एवढे आकडे असतात की नजर ठरत नाही.

प्रतिसाद ३

मी किरकोळ विक्रीच्या कंपन्यांच्या हिशेबाचं काम केलंय, मालवणची आहे. दादा, तुम्हाला हे आकडे माझ्यापेक्षा लवकर कळतील.

आधी जुन्या दुकानांची विक्रीवाढ बघा. कंपनी वर्षात शंभर दुकानं उघडते, एकूण विक्री आपोआप फुगते. वर्षभराहून जुन्या दुकानांत गल्ला किती वाढला, हा खरा प्रश्न. तो आकडा दोन-तीन तिमाह्या घसरत असेल आणि त्याच काळात भाव सरासरीखाली गेला असेल, तर रेघ बरोबर सांगतेय असं धरा.

मग पडून राहिलेला माल. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि गोदामातला माल तीस टक्क्यांनी, तर पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात उरलेले स्वेटर कोण कुठल्या भावात घेतं?

भाड्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. एप्रिल २०१९ पासून नव्या हिशेब-नियमांमुळे दुकानांच्या भाड्याचा बराच भाग खर्चात भाडं म्हणून दिसत नाही. तो घसारा आणि व्याज म्हणून खाली जातो. त्यामुळे ‘कामकाजाचा नफा’ वर मोठा दिसतो. भाडं भरल्यावर हातात काय उरलं ते बघायची तुमची सवय सोडू नका.

आणि सण. २०२५ च्या सणांची तुलना फसवी आहे. २०२४ ला नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं, २०२५ ला २२ सप्टेंबरला. म्हणजे थोडी खरेदी आधीच्या तिमाहीत सरकली. त्याच २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला: अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के, त्यावर १८. आधी ही हद्द हजारावर होती. त्यामुळे जुलै–सप्टेंबर आणि ऑक्टोबर–डिसेंबर या दोन तिमाह्या एकत्र करूनच मागच्या वर्षाशी ताडून बघा. डिसेंबर तिमाहीचा निकाल १४ फेब्रुवारीपर्यंत यायलाच हवा.

प्रतिसाद ४

चार्टबद्दल थोडं. कंपनीने बोनस (फुकट जादा शेअर) दिला, शेअरचे तुकडे केले किंवा धंदा वेगळा काढला तर जुने भाव त्या प्रमाणात सुधारलेले आहेत ना ते आधी तपासा. मे २०२५ मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने ब्रँडचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला, तेव्हा शेअरचा भाव एका दिवसात अर्ध्याहून खाली दिसला. भागधारकाला नव्या कंपनीचे शेअर मिळणार होते, नुकसान तेवढं नव्हतं. न सुधारलेल्या चार्टवर मात्र सरासरी पार कोसळल्यासारखी दिसते.

कराचंही सांगून ठेवतो. डीमॅटमध्ये (शेअर ठेवायच्या खात्यात) आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात. तुम्ही ६० विकलेत तरी हिशेबात ७४० वाले जातील. वर्ष उलटलंय, म्हणजे दीर्घ मुदतीचा नफा, आणि तो वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. १६० च्या १६० विकलेत तरी तुमचा नफा दहा हजारांच्या आतच आहे. कराच्या भीतीने थांबू नका आणि कराच्या भीतीने विकूही नका.

प्रतिसाद १ (पुन्हा)

दादा, तुमचा सरासरी खरेदी भाव ९५७ च्या आसपास येतो. पण तो आकडा मनातून काढा. बाजाराला तो ठाऊक नाही, रेघेलाही नाही. ‘मुद्दल आलं की विकतो’ म्हणत माणसं वर्षानुवर्षं बसून राहतात, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद झाल्यावर बायको आणि मी मागच्या आठ तिमाह्यांचे निकाल काढून बसलो. जुन्या दुकानांची वाढ सलग तीन वेळा कमी झालीय. मालाचा साठा मात्र विक्रीच्याच प्रमाणात वाढलाय, तिथे घाण दिसली नाही. म्हणजे धंदा बिघडलेला नाही, वेग उतरलाय. प्रतिसाद २ मध्ये लिहिलंय तेच.

आम्ही वहीत असं लिहून ठेवलंय: सोमवारी ६० शेअर विकायचे. ते पैसे जूनच्या गणवेशाच्या मालाला लागतीलच. उरलेल्या १०० चं फेब्रुवारीच्या निकालानंतर बघायचं. दोन तिमाह्या मिळून जुन्या दुकानांची वाढ सुधारलेली नसेल आणि शुक्रवारचा भाव तेव्हाही ४० आठवड्यांच्या सरासरीखाली असेल तर तेही विकायचे. दोन्हींतली एकच गोष्ट झाली तर पुढच्या निकालापर्यंत थांबायचं.

एक प्रश्न राहिलाय. समजा सगळे विकले आणि भाव पुन्हा सरासरीच्या वर आला, तर एक शुक्रवार वर राहिला म्हणून परत घ्यायचे, की रेघ स्वतः वर वळेपर्यंत थांबायचं? मालवणच्या ताई, तुम्ही काय करता?

प्रतिसाद ३

मी रेघ वळायची वाट बघते. भाव नुसता वर आला की पुन्हा खाली जातो, असं दोन-तीनदा होतं आणि प्रत्येक वेळी दलाली आणि थोडं नुकसान पदरात पडतं. थांबले तर सुरुवातीची चढण हुकते, ते मला चालतं. पण किती आठवडे थांबायचं ते आताच वहीत लिहा, विकल्यानंतर नको.