विषय: घराचं डिपॉझिट अडकलंय, दाव्याचा फॉर्म एससी-१०० कसा भरायचा?

सनीव्हेलहून, सोमवारी

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आम्ही सॅन होजेतलं अपार्टमेंट सोडलं. २,८०० डॉलर डिपॉझिट होतं. दोन महिने होत आले, ना पैसे ना हिशोब. फोन केला की "मॅनेजरला सांगते" एवढंच. आता स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जायचं म्हणतोय, पण फॉर्मवर प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं घालायचं इथेच गाडी अडली आहे. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. एक मित्र म्हणतो, तुम्ही भारतीय नागरिक, सरळ फेडरल कोर्टात जा. आणि दावा लावला की व्हिसाला त्रास होतो का हो?

फ्रीमाँटहून, त्याच रात्री

मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. परदेशी नागरिकाला फेडरल कोर्टात जाता येतं खरं, पण तसा दावा ७५ हजार डॉलरच्या वरचा लागतो. भाडं, करार, घटस्फोट, वारसा हे सगळं राज्याच्या कोर्टांकडे. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या (आपल्याकडचे जिल्हे म्हणा), प्रत्येकीचं एक सुपीरियर कोर्ट, आणि स्मॉल क्लेम्स हा त्यातलाच एक विभाग. घर सॅन होजेत, म्हणजे तुमची सँटा क्लारा काउंटी. व्हिसाचं म्हणाल तर एससी-१०० मध्ये इमिग्रेशनचा रकानाच नाही.

आता नाव. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका, ते बहुतेक वेळा नुसतं कॉम्प्लेक्सचं नाव असतं. लीज काढा. मालक म्हणून एखादी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, दिसेल. ती राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या बिझफाइल या कंपनी-नोंदणीच्या साइटवर शोधा आणि नाव तिथे आहे तस्संच, स्वल्पविरामासकट, उतरवा. कंपनीच्या वतीने समन्स घेणाऱ्या एजंटचं नाव-पत्ताही तिथेच मिळेल, तो फॉर्मवर लागतो. भलत्याच नावावर निकाल मिळवलात तर वसुली कुणाकडून करणार?

फॉर्मवरच्या प्रश्न ३ मध्ये (पैसे का मागताय?) लोक कादंबरी लिहितात. मॅनेजर कसा उर्मट बोलला, नळ कसा गळत होता... न्यायाधीशाला त्याचं काही नाही. एवढंच लिहा: "३१ मे रोजी घर रिकामं करून किल्ल्या दिल्या. सिव्हिल कोड १९५०.५ नुसार २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा तपशील मिळायला हवा होता. दोन्ही मिळालं नाही." (इंग्रजीत, अर्थात.) घरमालकाने बदनीयतीने पैसे अडवले असतील तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम मिळू शकते. म्हणजे २,८०० अधिक ५,६००, एकूण ८,४००. व्यक्तीसाठी मर्यादा १२,५०० ची आहे, तेव्हा बसतं. रक्कम वाढली म्हणून कोर्टाची फी मात्र ५० ऐवजी ७५ डॉलर पडेल. मागा, पण मिळेलच असं धरून चालू नका.

प्रश्न ४ विचारतो, दाव्याआधी पैसे मागितले होते का? फोनवर मागितलेलेही चालतात, पण फोन सिद्ध कसा करणार? आजच एक पत्र टाका, प्रत ठेवा.

सनीव्हेलहून, मंगळवारी

काका, खूप आभार! एलएलसी सापडली, एजंट सॅक्रामेंटोचा निघाला. दाव्याचे कागद त्याला यांनीच (माझ्या नवऱ्याने) नेऊन दिले तर चालेल ना? लीजवर आम्हा दोघांची नावं आहेत.

क्युपर्टिनोहून, मंगळवारी

नाही गं, दोघंही वादी ना? मग त्याच्या हाताने बजावणी होत नाही. आपल्याकडे कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन दारात येतो, इथे ती जबाबदारी वादीची. देणारा १८ वर्षांवरचा आणि दाव्याबाहेरचा हवा. एजंट दुसऱ्या काउंटीत आहे, म्हणजे सुनावणीच्या निदान २० दिवस आधी कागद हातात पडायला हवेत. त्याच काउंटीत असता तर १५ चालले असते. कोर्टाचा कारकून १५ डॉलरमध्ये सर्टिफाइड मेलने (पोचपावतीच्या टपालाने) पाठवतो, पण पावतीवर भलत्याचीच सही आली की बसा बोंबलत. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

ज्याने कागद दिले त्यानेच एससी-१०४ हा बजावणीच्या पुराव्याचा फॉर्म भरून सही करायची, आणि तो सुनावणीच्या पाच दिवस आधी कोर्टात दाखल करायचा. फोटोंची जाडजूड फाइल घेऊन आलेली माणसं हा एक कागद नाही म्हणून नवी तारीख घेऊन परत जाताना मी पाहिली आहेत. पुढच्या महिन्यात मी सॅक्रामेंटोला जाणारच आहे. तारीख मिळाली की कळव, मी देईन.

फ्रीमाँटहून, बुधवारी

ताईंनी बजावणीचं सांगितलंच आहे. राहिलेलं थोडं. सुनावणीत कुणाचाच वकील उभा राहत नाही, घरमालकाचाही नाही. ऐन वेळी त्यांनी कार्पेटचं बिल पुढे केलं तर आधी २१ दिवसांचं विचारा, मग फोटो मागा. घर सोडल्यावरचे फोटो काढणं १ एप्रिल २०२५ पासून घरमालकाला बंधनकारक आहे. एकूण दुरुस्ती-सफाई १२५ डॉलरच्या वर गेली की पावत्याही द्याव्या लागतात. हरलात तर तुम्हाला अपील नाही, ते हरले तर त्यांना ३० दिवसांत आहे. आणि जिंकल्यावर पैसे कोर्ट आणून देत नाही, वसुली आपली आपणच करायची.

काउंटीचा स्मॉल क्लेम्स अ‍ॅडव्हायझर फुकट सल्ला देतो. दाखल करण्याआधी फॉर्म एकदा त्यांना दाखवा.