प्रागमध्ये तुमचे पाय कुठे थांबले? (अनुभव धागा)

प्रागला जाऊन आलेल्यांकडून तीच तीन नावं ऐकू येतात: पूल, घड्याळ, किल्ला. नावं चुकीची नाहीत. पण दोन दिवसांत सगळं उरकून आलेल्या माणसाला "काय पाहिलंस?" विचारलं, की तो फोटो दाखवायला लागतो. म्हणून हा धागा. यादी नको. एकच जागा सांगा, आणि तिथे किती वाजता गेला होतात तेही आवर्जून लिहा. सुरुवात मीच करते.

माझी जागा चार्ल्स ब्रिज, ऑक्टोबरातली पहाट, साडेसहा. आदल्या दुपारी याच पुलावरून धक्के खात गेले होते आणि मनात काहीच उरलं नव्हतं. पहाटे दिवे अजून चालू होते, व्लतावा नदीवर धुकं होतं आणि दोन्ही बाजूंचे तीस पुतळे नुसते काळे आकार दिसत होते. पुलाची पायाभरणी चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ साली, नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली असं सांगतात. हे आकडे ओळीने लिहिले तर १३५७९७५३१, उलटसुलट सारखेच. मुहूर्त पाहून काम सुरू करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटतं! संत नेपोमुकच्या पुतळ्याखाली पितळी रंगाने चमकणारा एक भाग आहे, लाखो हातांनी घासून उजळलेला. १३९३ साली त्यांना याच पुलावरून नदीत फेकलं होतं. कामाला निघालेली एक बाई थांबली, तिथे हात टेकवला आणि निघून गेली. देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात, अगदी तसं.

*

ताई, तुम्ही पूल घेतलात, मी घड्याळ घेतो. मी निवृत्त गणित शिक्षक, सांगलीचा. मुलाकडे गेलो होतो.

दर तासाला जुन्या चौकात गर्दी जमते, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात सगळं संपतं आणि लोक पांगतात. माझं म्हणणं, खरं पाहायचं ते त्यानंतर. तबकडी नीट वाचा. १४१० सालचं हे यंत्र एकाच वेळी अनेक काळ दाखवतं. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुना चेक काळ आहे: सूर्यास्त झाला की चोवीस तास पूर्ण, तिथून पुन्हा मोजायला सुरुवात. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून ते कडंही वर्षभर सरकत राहतं. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, त्यांचा सूर्यास्तापासून, एवढाच फरक. आतल्या वक्र सोनेरी रेषा दिवसाचे, म्हणजे उजेडाचे, बारा सारखे भाग करतात. उन्हाळ्यात तो भाग मोठा, हिवाळ्यात लहान. राहुकाळ काढताना आपण दिनमानाचे आठ भाग करतो, ते ज्याला ठाऊक आहे त्याला ही तबकडी परकी वाटणारच नाही. राशींचं कडंही आहे. फक्त लक्षात ठेवा, त्यांची रास सायन (ऋतूंवरून मोजलेली), आपली निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली), साधारण चोवीस अंशांचा फरक पडतो.

मी तिथे पाऊण तास उभा होतो. मुलगा कॉफी घेऊन दोनदा परत आला. समोरच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांची कबर आहे आणि त्यांच्या निरीक्षणांवरून केप्लर यांनी ग्रहगतीचे पहिले दोन नियम याच शहरात मांडले, १६०९ साली. आयुष्यभर वर्गात ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा काढल्या, त्या इथून आल्या. चौकातून हलवेना.

*

पेत्रशीनची टेकडी, १ मे. आम्हाला ठाऊकही नव्हतं. त्या दिवशी तिथली जोडपी कवी माखा यांच्या पुतळ्यापाशी फुलं ठेवतात आणि बहरलेल्या झाडाखाली एकमेकांचं चुंबन घेतात. तरुण तर होतेच, पण काठी टेकत आलेले आजी-आजोबाही होते. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आम्हीही एका चेरीखाली थांबलो. एवढंच.

*

मी शाळेत चित्रकला शिकवते. माझी जागा पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सकाळी उघडल्या उघडल्या.

आत गेल्यावर भिंतींवर नक्षी आहे असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती नावं आहेत. बोहेमिया आणि मोरावियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं, हाताने लिहिलेली, जन्मतारखेसकट. एकदा ओलीने ती गेली, १९९०च्या दशकात पुन्हा सगळी लिहिली.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडेइस नावाच्या चित्रकार बाई तिथे कैदेत होत्या आणि मुलांना चित्रकला शिकवायच्या. १९४४ साली त्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. घर, फुलपाखरू, जेवणाचं टेबल. सहावीच्या वर्गात "विषय: माझे घर" दिल्यावर जी चित्रं माझ्याकडे येतात, तीच. कौलांच्या रेघा तशाच तिरक्या, धूर तसाच वेटोळ्यांचा. मी एका चित्रापुढे बसूनच राहिले. त्या बाईंनी कागद कुठून मिळवला असेल, रंग कुठून, हेच डोक्यात. परत आल्यापासून मुलांची चित्रं मी रद्दीत देत नाही.

लहान मुलांना घेऊन जाऊ नका असं काही जण म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जरूर न्या, मात्र आधी बोला.

*

मी इथे शिकतो. माझ्या कॉलेजच्या रस्त्याचं नाव ठाकुरोवा! देयवित्से भागात. पहिल्या दिवशी पाटी वाचली आणि थबकलो. रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा रस्ता. ते १९२१ आणि १९२६ साली प्रागला आले होते, त्यांचा अर्धपुतळाही जवळच आहे. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. घरची आठवण आली की मी तिथल्या बाकावर डबा खातो.

*

छान लिहिताय सगळे. एक अडचण आहे: वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात. किल्ला सोडूनच द्यावा का?

*

मुळीच सोडू नका. आईला घेऊन गेले होते म्हणून सांगते. खालून पायऱ्या चढू नका. २२ नंबरची ट्राम पकडा आणि किल्ल्याच्या स्टॉपच्याही पुढे, पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून किल्ल्यापर्यंत हलका उतार आहे. रस्ता दगडी गोट्यांचा, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. छापील तिकीट घेतलंत तर ते ट्राममधल्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. आम्ही विसरलो आणि दंड भरला. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ला सुरू होऊन १९२९ला संपलं. आत डाव्या हाताला चित्रकार मुखा यांची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर बाबांना निवांत बसू द्या. आई तिथे अर्धा तास बसली आणि उठताना म्हणाली, "गुडघा आठवलाच नाही गं."