शेवट ठाऊक असतानाही ऐतिहासिक हेरकादंबरी हातातून का सुटत नाही?

सांजवाचन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळावर बेतलेली एक हेरकादंबरी मी नुकतीच दोन बैठकांत संपवली, आणि दुसऱ्या रात्री अडीच वाजता दिवा मालवताना माझे मलाच नवल वाटले. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा ८ फेब्रुवारी १५८७ रोजी शिरच्छेद झाला, हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होते. नजरकैदेत असताना तिची पत्रे चार्टलीच्या वाड्यातून बिअरच्या पिंपात दडवून बाहेर जात असत; परंतु पिंपे पुरवणारा माणूस आणि पत्रे पुढे नेणारा गिल्बर्ट गिफर्ड हे दोघेही एलिझाबेथचा सचिव फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याला आधीच सामील झालेले होते, हेही ठाऊक होते. तरीसुद्धा जुलै १५८६ मध्ये मेरी जेव्हा एलिझाबेथला ठार मारण्याच्या अँथनी बॅबिंग्टनच्या कटाला संमतीचे उत्तर लिहवून घेते, तेव्हा मी मनातल्या मनात 'नको गं बाई, नको पाठवूस' असे म्हणत होते.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, शेवट माहीत असलेले रहस्य म्हणजे उत्तरे आधीच भरलेले शब्दकोडे." त्याला समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. गंमत अशी की, उपग्रह आणि मोबाईल फोन असलेल्या आजच्या काळातल्या हेरकथा, ज्यांचा शेवट मला मुळीच ठाऊक नसतो, त्या मी निम्म्यावर टाकून देते. ज्यांना दरबारी कारस्थानांच्या आणि जुन्या हेरगिरीच्या कादंबऱ्या आवडतात, त्यांना त्यात नेमके काय धरून ठेवते, हे जाणून घ्यायला आवडेल.

मोडीवाचक

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. आपण मनात 'नको पाठवूस' म्हणालात, कारण आपल्याला जे ठाऊक होते ते मेरीला ठाऊक नव्हते. ऐतिहासिक हेरकथेत 'पुढे काय होणार' हा प्रश्न मुळी नसतोच. 'कोणाला केव्हा कळणार' हा असतो. आणि जिथे बातमी घोड्याच्या किंवा जासुदाच्या पायांनी चालते, तिथे या 'केव्हा'ला दिवसच्या दिवस लागतात. कादंबरी त्या दिवसांत राहते.

आपल्याकडचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण पानिपताचे. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी संपली. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौजेनिशी उत्तरेच्या वाटेवर होते, आणि विश्वासराव व भाऊसाहेब हयात आहेत असे धरूनच पुढे सरकत होते. सरकारी खलित्याआधी त्यांच्या हाती पडले ते एका सावकाराचे व्यापारी भाषेतले पत्र: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. शाळेत हे वाक्य आपण पाठ केले, पण त्यातला हेरगिरीचा भाग कोणी सांगितला नाही. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हतेच. ते वाटेत अडवून उघडलेले होते, आणि सावकाराने ती भाषा वापरली ती वाटेत पत्र उघडले जाणार हे गृहीत धरूनच. बाप स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची बातमी परक्याच्या हिशेबाच्या सांकेतिक भाषेतून वाचतो आणि क्षणभर तो हिशेबच समजतो, हा प्रसंग उपग्रहाच्या काळात घडू शकत नाही. आजच्या हेरकथा आपण निम्म्यावर का टाकता, त्याचे माझ्यापुरते कारण हेच आहे. त्यांत अज्ञान टिकतच नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. मी काही वर्षे हौस म्हणून मोडी वाचतो. जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, म्हणजे रुमाल, सोडले की पत्राच्या घड्यांत शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण अजून अडकलेले असतात. कागद तिरपा धरला की ते चमकतात आणि बोटाला लागतात. आधी आडवी रेघ ओढून घेतलेली असते आणि तिला अक्षरे टांगलेली असतात. लिहिणारा घाईत असला की अक्षरे सैल होत जातात, पण रेघ मात्र सरळच राहते. आणि मजकुराच्या शेवटी कधीकधी आज्ञा असते की हे पत्र वाचून फाडून टाकावे. ते पत्र मी अडीचशे वर्षांनी वाचतो आहे, याचा अर्थ कोणीतरी ती आज्ञा मोडली. का मोडली? विसराळूपणा, की पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम ठेवलेला पुरावा? इतिहासकाराला इथे थांबावे लागते. कादंबरीकाराला इथून सुरुवात करता येते.

पेठकरी

धागाकर्तीच्या कादंबरीत हा तपशील आला की नाही ते ठाऊक नाही, पण मेरीच्या त्या पत्राची कूटलिपी उकलणाऱ्या, वॉल्सिंगहॅमच्या पदरी असलेल्या थॉमस फेलिप्सने आपल्या प्रतीवर फाशीच्या तख्ताचे चित्र काढले होते, आणि मूळ पत्र पुढे रवाना करताना मेरीच्याच सांकेतिक खुणा वापरून एक ताजा कलम खाली जोडला होता: जे सहा जण हे काम करणार आहेत, त्यांची नावे कळवावीत. ती नावे काही आली नाहीत, हा भाग वेगळा. पुण्याच्या माणसाला हे वाचून 'ध चा मा' आठवला नाही तर नवलच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि लोकांच्या तोंडी उरले ते एक अक्षर. हजारांच्या फौजा लढतात ते आम्ही वाचतो खरे, पण रात्रभर जागे ठेवते ते बोरूचे एक फरकाटे.

दप्तरबंद

मोडीवाचक यांचे म्हणणे मला बरेचसे पटते, परंतु सगळे श्रेय उशिराला देऊ नये. टपालाची दिरंगाई प्रेमकथेतही असते. राजकीय हेरकथेचे वेगळेपण हे की तिथे पत्र वेळेवर पोहोचले, नीट वाचले, तरीही ते खरे मानावे की नाही हे ठरत नाही. कौटिल्याने यावर तोडगा काढून ठेवला होता: एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली, तर ती खरी मानावी. उत्तम कादंबरीकार नेमका तिसरा हेर काढून घेतो आणि राजाला दोन विसंगत बातम्यांसह रात्रभर बसवतो.

माझ्या मते मराठीत अजून पुरते न वापरलेले सोन्यासारखे प्रकरण १७७७ चे आहे. फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून सेंट ल्यूबिन नावाचा गृहस्थ पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याचे स्वागत गाजावाजाने केले, आणि हे सगळे पुण्यातला इंग्रजांचा वकील मॉस्टिन पाहतो आहे व मुंबईला कळवतो आहे, हे ठाऊक असताना केले. मुंबईकर इंग्रज बिथरले. रघुनाथरावांना गादीवर बसवण्याचा त्यांचा जुना बेत पुन्हा वर आला, फौज घाट चढून आली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना मान खाली घालून तह करावा लागला. आता विचार करा: नानांचा ल्यूबिनवर खरोखर विश्वास होता, की इंग्रजांना दाखवण्यापुरते ते बुजगावणे होते? आणि ल्यूबिनला स्वतःला यातले किती उमगले होते? मॉस्टिनने डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते, तरीही त्याची बातमी फसवी ठरू शकत होती. खोटी पत्रे करण्यापेक्षा ही कला फार वरची, आणि इथे लढाईचा शेवट ठाऊक असल्याने वाचकाचे काहीही बिघडत नाही, कारण मनातले गुपित शेवटीही उघड होत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. बहिर्जी नाईकांविषयी समकालीन मजकूर फार थोडा आहे. सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत त्यांचा उल्लेख येतो, परंतु वेषांतराच्या शेकडो सुरस कथांपैकी बहुतेक नंतरच्या. कादंबरीकाराने त्या रचाव्यात, त्याचा तो हक्कच आहे. पण पुढे त्याच कथा व्याख्यानांत इतिहास म्हणून सांगितल्या जातात, तेव्हा हेराने मरणोत्तरही लोकांना फसवले म्हणून हसावे की रडावे कळत नाही. 'ध चा मा' या गोष्टीचेही तेच. तिच्यामुळे आनंदीबाईंचा निवाडा आपण सगळ्यांनी कागद न पाहताच करून टाकला आहे. पेठकरी, राग नसावा.

पेठकरी

राग कसला! आमच्या आजीने तो निवाडा मी पाच वर्षांचा असतानाच केला होता आणि तिच्यापुढे रामशास्त्र्यांचेही काही चालले नसते.

सांजवाचन (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सेंट ल्यूबिनचे प्रकरण मला अजिबात ठाऊक नव्हते. आता या आठवड्यात ग्रंथालयात जाऊन वडगावच्या तहाविषयी जे मिळेल ते वाचणार आहे. मोडीवाचक यांनी सांगितलेला सावकाराच्या पत्राचा प्रसंग काल जेवताना भाच्याला ऐकवला. तो हातातला घास तसाच ठेवून ऐकत होता, आणि शब्दकोड्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण त्याने एक प्रश्न विचारला, तो मी इथे जसाच्या तसा ठेवते, कारण माझ्याकडे उत्तर नाही: "पेशव्यांनी पत्र उघडले हे ठीक, पण ज्या माणसाला ते लिहिले होते, त्याला त्याचे नुकसान कधी कळले?"