मदत हवी आहे: फिनलंडच्या ओउलांका नदीवर कॅनू आणि तंबू

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये मी आणि ताई फिनलंडच्या उत्तरेला ओउलांका राष्ट्रीय उद्यानात जातोय. किउताक्यॉन्गासच्या रॅपिड्सच्या (खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या) खालून रशियाच्या सीमेजवळपर्यंत सुमारे २५ किमी नदी जंगलातून संथ वाहते, नवख्यांनाही झेपते. एका दिवसात संपवायची नाही, मध्ये मुक्काम करायचाच. तंबू आणि शेकोटी तिथे ठरवून दिलेल्या जागीच चालते.

सराव गंगापूर धरणावर झालाय, पण कयाकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने. तिकडे दोघांची उघडी कॅनू आणि एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं. मागे बसणाऱ्याने बाजू न बदलता नाव सरळ कशी ठेवायची? नाशिकमध्ये हे प्रत्यक्ष कोणी शिकवेल का? व्हिडिओ बघून हाताला वळण लागत नाही.

दुसरी काळजी डासांची. तोंडावरची जाळी इथून न्यावी की तिथेच घ्यावी? गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घेऊ. भाजणी आणि मेतकूट नेतोय. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप नाही. दोन दिवस पुरेल असं आणखी काय नेता येईल? ताई पूर्ण शाकाहारी आहे.

उत्तरेकडच्या कुठल्याही नदीवर गेलेल्यांनी जरूर लिहा.