पोखरणची फायरिंग रेंज आणि माळढोक : रेंज हलवायला हवी का?

मुलुंडकर : देशात माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत. बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात: काही डेझर्ट नॅशनल पार्कात, काही थेट पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये. जमिनीवर अंडं घालणारा पक्षी आणि तिथेच तोफा! रेंज दुसरीकडे न्या, अशी मागणी करावी का?

तोफखाना_डोंबिवली : तोफखान्यात नोकरी झाली, पोखरणला सरावाला गेलोय. रेंज हलवली तर आधी माळढोकच जाईल, हे छातीठोकपणे सांगतो. कारण गवत. हद्दीच्या आत सेवणचे ठोंब गुडघाभर उभे असतात, बुडाशी वाळू धरून. बाहेर तेच ठोंब शेळ्या-मेंढ्यांनी बोटभर खुडलेले, नाहीतर नांगरून शेत केलेलं. गोळे पडतात ते ठरलेल्या इम्पॅक्ट एरियात. भोवतालची बरीच जमीन निव्वळ सुरक्षेसाठी मोकळी ठेवावी लागते. माळढोकाला तीच हवी असते.

पण सगळं आलबेल नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उन्हाळा-पावसाळ्यात, आणि तोफांच्या चाचण्या उन्हाळ्यातही होतात. वाळलेलं गवत एका गोळ्यानं पेटू शकतं. म्हणून वन खात्यानं विणीच्या जागा नकाशावर दाखवाव्यात आणि तेवढ्या महिन्यांपुरत्या त्या टाळण्याचं फायरिंगच्या लेखी आदेशातच यावं. तोंडी विनंती अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर निघून जाते. आदेशात असलं की पुढची तुकडीही पाळते.

माळरान_दादर : मी मूळची सोलापूरची. नान्नजचं अभयारण्य १९७९चं. तिथे तोफा नाहीत, तरी आमचा माळढोक जवळपास संपला. जैसलमेरला मोठा घात करतात त्या विजेच्या तारा. अंगानं जड, समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ला तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, २०२४ला तो आदेश सौम्य करून समिती नेमली. फार वाईट वाटलं तेव्हा.

मुलुंडकर : मग पत्र कोणाला लिहू?

तोफखाना_डोंबिवली : राजस्थान वन विभागाला, प्रत संरक्षण मंत्रालयाला. ‘सराव बंद करा’ लिहू नका, तिथेच पत्र बाजूला पडेल. विणीचे महिने, जागा आणि रेंजलगतच्या तारा, एवढंच मागा. मसुदा इथे टाका, लष्करी शब्द मी बघून देतो.